अर्ध्या कोयत्याचं नाव

दसरा झाला की तेलगावच्या फाट्यावर माणसं मोजायची रीत बदलते. बीडहून परळीकडे आणि माजलगावहून धारूरकडे जाणारे रस्ते इथे एकमेकांना छेदतात. टपरीवर चहा पिता पिता ऊसतोडीचे मुकादम एकमेकांना विचारतात, ‘औंदा किती कोयते?’ कुणी आठ सांगतो, कुणी पंधरा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतलं एकच माणूस आलं तर तो अर्धा कोयता. आगाऊ उचल जोडीवर ठरते, लिहिली जाते नवऱ्याच्या नावावर, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर हिशेबही त्याच्याशीच होतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते, रात्री कोपीवर येऊन भाकरी थापते. एका कोयत्याचा दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो. त्यातला तिचा किती, हे लिहायला मुकादमाच्या वहीत रकाना नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचे दर 34 टक्क्यांनी वाढले. वाढ टनाला मिळाली, म्हणजे कोयत्याला मिळाली, म्हणजे कोणाच्या हातात पडली ते सांगायला नको.

तेलगावला स्वतःचा साखर कारखाना आहे, लोकनेते सुंदरराव सोळंके यांच्या नावाचा. भोवतालची वसाहतही सुंदरनगर. सोळंके राज्याचे उपमुख्यमंत्री होते, त्यांचं नाव कारखान्याला असणं रीतीला धरूनच आहे. मला फक्त एवढं दिसतं की पुरुषाचं एक नाव वसाहतीपासून साखरेच्या पोत्यापर्यंत पसरू शकतं. आणि त्याच फाटकातून आत येणाऱ्या मोळीवर निम्मा हात जिचा, तिचं नाव गावाबाहेर पडेपर्यंतच टिकतं.

स्त्रीवादी कथेत ‘नाव’ या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहून-बोलून झालं आहे. लग्नानंतरचं आडनाव, लेखिकेचं टोपणनाव, निनावी नायिका, सगळं. त्या चर्चेत कोयता येत नाही. तो आणला, तर त्या चर्चेतल्या बऱ्याच गोष्टींचा रंग बदलतो, असं मला वाटतं.

1933 साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केलं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं या कथांनी असं उघड मांडलं की पुण्या-मुंबईत गहजब झाला, आणि कथांपेक्षा मोठी चर्चा झाली ती ही बाई कोण याची. बाई होत्या बाळूताई खरे, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालती बेडेकर. म्हणजे एकाच बाईची तीन नावं: एक बापाकडचं, एक नवऱ्याकडचं, आणि एक कोणाकडचंच नाही असं. मराठी कथेच्या इतिहासात राहिलं ते तिसरं. त्या संग्रहातली ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ ही कथा शीर्षकातच सगळा वाद मांडते. मुलगी कमावते, घर तिच्या पगारावर चालतं, आणि तरी त्या घरावर नाव बाबांचंच. नव्वद वर्षांपूर्वीचा तो प्रश्न मध्यमवर्गीय होता खरा, पण त्याचा हिशेब कोयत्याच्या हिशेबाहून वेगळा नव्हता.

टोपणनाव त्या काळी अनेकींना लागलं. मुक्ताबाई दीक्षितांनी ‘कृष्णाबाई’ या नावानं कथा लिहिल्या. याला आपण आज भिडस्तपणा म्हणतो. मला ती व्यवहारी सावधगिरी वाटते. नोकरी, घर, पुढे होणारं लग्न, सगळं सांभाळून खरं बोलायचं तर दुसरं नाव घेणं हा सर्वांत स्वस्त उपाय होता. पण हा उपाय करायला आधी झाकण्याजोगं एक नाव असावं लागतं, शाळेच्या दाखल्यावर, पगारपत्रकावर. बाळूताईंकडे ते होतं.

कमल देसाईंनी 1975 साली याच्या पुढची उडी मारली. ‘हॅट घालणारी बाई’ या शीर्षकात बाई आहे, हॅट आहे, नाव नाही. मुलगी, सून, पत्नी, आई, यांतला एकही शिक्का नाही. जो आहे तो तिनं स्वतः डोक्यावर चढवलेला. लोकांनी लावलेली ओळख काढून आपण निवडलेली विचित्र ओळख लावणं, हा मराठी कथेतला खरा खोडसाळ आणि धीट क्षण होता. बेळगाव जिल्ह्यातल्या यमकनमर्डीला जन्मलेल्या, आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या या लेखिकेला समीक्षेनं बराच काळ ‘दुर्बोध’ हे लेबल लावून बाजूला ठेवलं. लेबलं लेखिकांनाही लागतातच.

यानंतर मात्र निनावीपणाची आपल्याला सवय लागली. दिवाळी अंक उघडावा तर निदान दोन कथांत नायिका नुसती ‘ती’ असते. ती खिडकीत उभी राहते, ती चहा गार होऊ देते, तिला तो समजून घेत नाही. ती म्हणजे कोणतीही बाई, प्रत्येक बाई, असं लेखिकेला सुचवायचं असतं. पण तसं होत नाही. मराठीत आडनाव म्हणजे जात, गाव आणि बहुतेक वेळा जमिनीचा आकारही. आडनाव काढून टाकलं की ‘ती’ सार्वत्रिक होत नाही, ती मुकाट्यानं शहरी, सवर्ण, पगारदार घरातली होते, कारण वाचक रिकामी जागा आपल्या सरावाच्या माणसानं भरतो. ‘ती’ असं लिहिलेल्या कथेत मला कधी डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसलेली नाही. हा दोष वाचक म्हणून माझाही असेल, पण लिहिणारीनं तो गृहीत धरायला हवा.

दलित लेखिका ऊर्मिला पवारांच्या कथांत ही सोय नाही. त्यांच्या बायकांना नाव असतं, वाडी असते, धंदा असतो. ‘कवच’ या कथेत आई आंबे विकते. शाळेत मास्तर त्या आंब्यांवरून घाणेरडा विनोद करतात, आणि मुलाला आईच्या धंद्याची लाज वाटू लागते. शब्द फळाचा, रोख बाईच्या अंगावर. बाजारात आई त्या बोलण्याला तोंड कसं देते हे पाहताना मुलाला जे कळतं, ते एखाद्या निनावी ‘ती’च्या मनोगतातून कधी कळलं नसतं. दलित बाईला लागणारी लेबलं जात आणि शरीर यांची मिळून झालेली असतात. त्यातलं एक सोडून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही.

शरीरावरून लागणाऱ्या लेबलांचं बीड जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कारणांत सगळंच होतं: फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत काम थांबवलं तर खाडा आणि खाड्याचा दंड, कॅन्सरची घातलेली भीती, पैसे कमावणारे दवाखाने. मग ‘बिनगर्भाशयाच्या बायकांची गावं’ असे मथळे आले. बायका स्वतः याला ‘पिशवी काढली’ म्हणतात. दोन्ही बोलण्यांत अंतर आहे. मथळा बाईला तिच्यात जे उरलं नाही त्यावरून ओळखतो. ‘पिशवी काढली’ म्हणणारी बाई झालेलं काम सांगते, जसं मोतीबिंदू काढला सांगावं, आणि पुढच्या वाक्यात उचलीवर येते. या बोलण्यातला कोरडेपणा कथेत उतरवणं अवघड आहे. आपल्याला कळवळा लवकर सुचतो.

काही लेबलं बदलताही येतात. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या बाईला आपल्याकडे टाकलेली, सोडलेली म्हणतात; करणारा नवरा, विशेषण मात्र बायकोला. मराठवाड्यातल्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत ‘एकल महिला’ हा शब्द रुजवला. विधवा, परित्यक्ता, अविवाहित अशा सगळ्याजणी त्यात आल्या आणि कुणाशी काय नातं तुटलं हे सांगायची गरज उरली नाही. उलट 2023 मध्ये विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव सरकारातून पुढे आला, तेव्हा राज्यभर टीका झाली. एक नाव बायकांनी एकत्र बसून घेतलं, दुसरं वरून पवित्र करून दिलं जात होतं. साताऱ्यात ऑक्टोबर 2011 मध्ये ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली, तीही मला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाटतात. काहींनी आवडीचं नाव घेतलं हे चांगलंच झालं. पण ज्या घरानं मुलीला हाक मारायची ती अशी मारली, त्या घराबद्दलची कथा त्या समारंभानंतर सुरू होते.

अमेरिकन लेखिका केट शोपँ हिची 1894 सालची एक छोटी कथा आहे, तासाभरात घडणारी. नवरा अपघातात गेल्याची बातमी येते. तोवर कथेत ती ‘मिसेस मॅलर्ड’ असते. दार लावून ती एकटी बसते, आणि नवरा नाही म्हणजे काय हे तिच्या लक्षात येऊ लागतं, त्यानंतर कुठे बहिणीच्या हाकेतून आपल्याला कळतं की तिचं नाव लुईझ. नाव आणि मोकळेपण एकत्र येतात, आणि दोन्ही टिकत नाहीत. ही कथा वाचताना मला सातबारा आठवतो. आपल्याकडेही कितीतरी बायकांचं नाव जमिनीच्या कागदावर पहिल्यांदा येतं ते नवरा मेल्यावर, वारसाच्या फेरफारात. फरक एवढाच, की इथे नावासोबत मोकळेपण येत नाही, सोसायटीचं कर्ज येतं. नवरा जिवंत असताना बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावावं यासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती. तिच्यावर अहवाल आणि भाषणं मिळतात. चांगली कथा मला तरी मिळालेली नाही. तलाठ्यासमोर पहिल्यांदा सही करणारी बाई, शेजारी अवघडून उभा असलेला नवरा, मागे कुजबुजणारी भावकी, आणखी काय हवं असतं कथेला?

सरकारनं अलीकडे एक पाऊल टाकलं. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम राज्यानं ठरवला. विवाहित बाईच्या बाबतीत मात्र तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव ही जुनीच पद्धत राहिली. म्हणजे आईचं नाव लेकराला लागेल, आणि तिच्या आईचं नाव तिला लागणार नाही. त्यातही आईचं कोणतं नाव? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं की माहेरचं? आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि बँकेतला माणूस म्हणतो नाव जुळत नाही.

तेलगावहून पूर्वेला गोदाकाठी गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. तिच्या अभंगांची मुद्रा पाहावी. त्यात ती नामदेवाची, त्यात ती दासी, आणि त्यातच ती जनी. मालकाचं नाव, लावलेलं लेबल आणि आपलं नाव, तिन्ही तिनं एका सहीत बसवली. दासीपण तिनं लपवलं नाही, पण ते लेखिकेच्या सहीचा भाग करून टाकलं. विभावरी शिरूरकरांचा मार्ग आणि कमल देसाईंचा मार्ग यांच्याआधी सुमारे सहाशे वर्षं हा तिसरा मार्ग इथे होता, आणि कष्टकरी बाईला तो जास्त जवळचा आहे. कोयता असणं पुसून टाकून तिची कथा लिहिता येणार नाही. पण वहीत ‘एक कोयता’ असं लिहिलेलं असताना त्याच्याखाली दोन नावं लिहून काढणं कथेला जमू शकतं. ऊसतोड बाईची मजूर म्हणून वेगळी नोंद व्हावी ही मागणी महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना करत आल्या आहेत. नोंद झाली तरी उचल त्याच्या हातात राहू शकते, कार्ड त्याच्या खिशात राहू शकतं. फॉर्मच्या रकान्यात हे मावत नाही. कथेत मावतं.

ही कथा कोण लिहील याबद्दल मला थोडा अंदाज आहे. आईबाप तोडीला गेल्यावर हंगामी वसतिगृहात राहून, आजीपाशी राहून शिकलेल्या मुली आता माजलगाव, धारूर, अंबाजोगाईच्या कॉलेजांत आहेत. प्रवेशाच्या अर्जावर त्या आईचं नाव लिहितात, आणि आईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहितात. लाज असते, सवय असते, आणि ‘ऊसतोड’ लिहिलं तर पुरावा काय जोडायचा हा सरळ प्रश्नही असतो. यांतली एखादी लिहायला बसेल तेव्हा तिच्यापुढे वेगळीच अडचण येईल. मुकादम बहुतेक वेळा बाहेरचा नसतो. तो गावातला, कधी भावकीतला, कधी मामा म्हणून हाक मारायचा माणूस असतो. घरावर त्याची उचल फिटायची असते. दवाखाना तालुक्याचा, ओळखीचा. आईचं नाव छापायचं, तर मुलीला 1933 सालच्या बाळूताईंसारखं स्वतःचं नाव झाकावं लागेल, आणि संपादकाला मोट्यांसारखं तोंड बंद ठेवावं लागेल. आपल्या दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत अशी निनावी कथा आली तर ती उघडून वाचली जाईल, की लेखिकेचा परिचय आणि फोटो मागवणारं पत्र आधी जाईल?