कंधारच्या पाण्याकाठी

थोडं सावकाश घेऊ. हातातलं काम बाजूला ठेवा, पाठ टेकवा, श्वास येतो तसा येऊ द्या. आता मनानंच नांदेड सोडा आणि लोह्याचा रस्ता धरा. बालाघाटाचे उतार, मुरमाड माळ, मध्येच काळी रानं, त्यात कापूस नि सोयाबीन. मन्याडचं खोरं आलं की कंधार आलं.

ही मन्याड नदी पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून वाहते, उन्हाळ्यात पात्रातले दगड उघडे पडतात. इथे वस्ती करायची तर आधी पाणी अडवावं लागतं. एवढंच मनात घोळू द्या.

दहाव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट कृष्ण तिसरा ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानानं मिरवत होता. राजधानी होती मान्यखेटला, आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला, तरी नावाशी जोडलं ते कंधार. त्याच काळातलं इथलं तळं म्हणजे जगत्तुंग समुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचं बिरुद. 973 मध्ये चालुक्य तैलपानं ते राज्य संपवलं. तळं मात्र गावाशेजारी राहिलं. त्याच्या बांधावर मनानं उभे राहा. पायाखालची माती कुणीतरी टोपल्या वाहून टाकली आहे. त्या माणसांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत. थोडा वेळ त्यांच्यासाठी थांबा.

आता क्षेत्रपालाकडे, गावाच्या राखणदार देवाकडे वळा. कंधारात त्याच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले. मूर्ती उभी होती तेव्हा पन्नास-साठ फूट उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. नजर फक्त पावलावर ठेवा. दगडाची बोटं, बोटांवर कोरलेली नखं. एवढ्या उंचीच्या मूर्तीत नखाकडे कोण बघणार होतं? तरी कारागिरानं ते मन लावून घडवलं. मला कंधारात सगळ्यात मोठं वाटतं ते हे नख.

किल्ला भुईकोट आहे, सपाटीवरचा. त्याचा भरवसा डोंगरावर नव्हता, भोवतीच्या खंदकातल्या पाण्यावर होता. बहमनी आले, अहमदनगरची निजामशाही आली, तिच्या वजिराची, मलिक अंबरची माणसं आली. 1631 साली शहाजहानच्या फौजेनं कंधार घेतलं. पुढे इथे हैदराबादच्या निजामाचा अंमल होता, तो 17 सप्टेंबर 1948 ला संपला. हे सारे धनी एकामागून एक मनासमोरून जाऊ द्या. कुणाला धरून ठेवू नका. गावात हाजी सय्याह यांचा दर्गा आहे, तिथेही क्षणभर माथा टेकवा.

शेवटी एका गोठ्यात चला. दावणीला लाल कंधारी बैल उभा आहे. अंग गडद तांबडं, गाईपेक्षा बैलाचा रंग अधिक गहिरा. कपाळ रुंद, कान लांब आणि खाली झुकलेले, डोळ्यांभोवती काळी कड. हा वाण याच तालुक्यातला. ऊन सोसतो, कडब्यावर निभावून नेतो, औताला चिवट. ट्रॅक्टर आल्यापासून दावणी रिकाम्या होत चालल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं. राजांनी या गावाचं नाव बिरुदात घेतलं, पण शेकडो मैलांवरच्या बाजारात ते पोचवलं या जनावरानं. मार्गशीर्षात जवळच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारीचे वळू-बैल ओळीनं उभे असतात. माणसं पाठीवरून हात फिरवून वाण जोखतात.

आता डोळे उघडा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला किंवा माहूरला आलात तर एक दिवस कंधारसाठी राखून ठेवा. किल्ला बघाच, पण आधी जगत्तुंग समुद्राच्या बांधावर जा.