चारित्र्याचा दाखला

वाचकहो, एक प्रसंग कल्पनेत आणावा. औंढा नागनाथजवळील एका खेड्यातील तरुणाने शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातली. हिंगोलीच्या न्यायालयात खटला चालून त्यास शिक्षा झाली व ती त्याने भोगली. बारावीस त्यास जेमतेमच गुण मिळाले आहेत. आता कायदा शिकून वकील व्हावे अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली आहे. एके संध्याकाळी तो उपदेशकाच्या ओट्यावर येऊन म्हणतो, "मास्तर, मला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून द्या, मात्र त्या खटल्याचे तेवढे लिहू नका." अशा वेळी उपदेशकाने काय करावे?

गुणांची अडचण त्यामानाने लहान आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे कायद्याच्या प्रवेशास शेकडा 45 गुण लागतात. इतर मागासवर्गीयांस 42 व अनुसूचित जातिजमातींस 40 पुरतात. शिवाय आपल्या राज्यात प्रवेशपरीक्षाही द्यावी लागते. गुण कमी पडले तर पुन्हा अभ्यास करून परीक्षेस बसता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1907 साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांस 750 पैकी 282 गुण होते. म्हणजे शेकडा 38 सुद्धा नव्हेत. तेच पुढे बॅरिस्टर झाले व राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. गुणपत्रिका मनुष्याचा एक दिवस सांगते, त्याचे सर्व आयुष्य सांगत नाही.

अपराधाची गोष्ट मात्र निराळी आहे. 1961 च्या वकिलांसंबंधीच्या कायद्यात कलम 24-अ आहे. नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल ज्यास शिक्षा झाली, त्यास वकिलीची सनद मिळत नाही. परंतु ते कलम तेथेच थांबत नाही. सुटकेस दोन वर्षे लोटली म्हणजे ही अपात्रता संपते, आणि चांगल्या वागणुकीच्या हमीवर परिवीक्षेच्या कायद्याखाली ज्यास सोडले, त्यास ती लागूच होत नाही. म्हणजे ज्या कायद्यास आपण कठोर म्हणतो, त्यानेही पश्चात्तापास अवधी व वाट ठेविली आहे. गावाची जीभ मात्र दोन वर्षांनी थांबत नाही. ती नातवंडांपर्यंत चालते. तेव्हा अधिक निर्दय कोण, कायदा की आपण?

पण वाट ठेविली म्हणजे लपविण्याची मोकळीक दिली, असे नव्हे. 2024 साली बार कौन्सिलने कायद्याच्या महाविद्यालयांस कळविले की, विद्यार्थ्यांच्या फौजदारी पार्श्वभूमीची तपासणी व्हावी व त्यांनी आपल्यावरील खटले व शिक्षा स्वतः कळवाव्यात. कोणी म्हणेल, "खरे सांगणाऱ्यास दार बंद होते आणि खोटे बोलणारा आत जातो, मग खऱ्याचा लाभ काय?" ही तक्रार पोकळ नाही. खरे सांगितल्याने कधी कधी नुकसान होते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु त्याच कायद्याच्या कलम 26 अन्वये महत्त्वाची गोष्ट लपवून किंवा फसवून मिळविलेली सनद पुढेही काढून घेता येते. असा मनुष्य काळा कोट घालील, परंतु ज्यास ज्यास जुनी हकीकत ठाऊक आहे त्याचा तो जन्मभर मिंधा राहील. आणि वकिलाचे भांडवल तरी काय? विधवा बाई सातबाराचा उतारा त्याच्या हाती देते आणि वाचता येत नसलेल्या कागदावर त्याच्या शब्दावर अंगठा उठविते. ज्याचा पहिलाच कागद खोटा, त्याच्या शब्दावर तिने कसा भरवसा ठेवावा?

आता उपदेशकाकडे वळू. त्याने दाखला नाकारू नये. दयेच्या भरात खोटाही लिहू नये. खटला गाळून लिहिलेला दाखला अर्धे सत्य होय. आणि "हा शिक्षा झालेला आहे" एवढेच म्हणून गप्प बसणे हेही अर्धेच सत्य होय. पहिल्याने महाविद्यालय फसते, दुसऱ्याने तरुण बुडतो. त्याने अपराध लिहावा, शिक्षा भोगल्याचे लिहावे आणि त्यानंतर आपण डोळ्यांनी काय पाहिले तेही लिहावे. शेजाऱ्याच्या औषधाचा खर्च त्याने दिला काय? बांध पुन्हा मोजून घेतला काय? क्षमा मागण्यास त्या उंबरठ्यावर गेला काय? गेला नसेल, तर दाखल्याच्या आधी त्याने तिकडे जावे. आमच्या मते कसोटी एकच आहे: ज्याचे डोके फुटले त्या शेजाऱ्यासमोर जो दाखला मोठ्याने वाचता येईल, त्याच दाखल्यावर सही करावी.

औंढ्याच्या देवळाविषयी एक आख्यायिका सर्वश्रुत आहे. नामदेवांस कीर्तन थांबवून देवळाच्या पाठीमागे जावयास लाविले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे लोक सांगतात. नामदेवांकडे दोष नव्हता. आपल्या तरुणाकडे आहे. म्हणून त्याच्यासाठी देऊळ फिरेल अशी आशा त्याने धरू नये. त्याने स्वतःच्या पायांनी वळसा घालून दारापर्यंत आले पाहिजे. तो वळसा लांब आहे, व वाटेत त्या शेजाऱ्याचे घर लागते. परंतु तो एकटाच चालत राहिला व आपण ओट्यांवर बसून पाहत राहिलो, तर चारित्र्याचा दाखला आपणांस तरी कोण देईल?