वाट पाहणारी होडी

खान्देशात होडी विकत घ्यायची म्हटलं की लोक हसतात. धुळ्याची पांझरा वर्षातला बराच काळ वाळू आणि खडक उघडे टाकून पडलेली असते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पण पावसाळा सरला की हाच मुलूख वेगळा दिसतो. जळगावचा मेहरूण तलाव भरलेला असतो. हतनूर आणि वाघूर धरणांचं पाणी दूरवर पसरलेलं असतं. धुळ्याच्या नकाणे तलावाकाठी सकाळी आलेलं एखादं कुटुंब पाण्याकडे बघत उभं राहतं आणि त्यातलं कोणीतरी म्हणतं, आपली एक छोटी कयाक असती तर.

मग दुकानात चौकशी होते. स्वस्त हवी आणि टिकाऊ हवी. होडी खडकावर आपटली तरी फुटत नाही, असं विकणारा सांगतो. ते खरंही असतं. पण आपल्याकडे होडी पाण्यात असते थोडे दिवस आणि जिन्याखाली असते उरलेलं वर्ष. तरंगण्यापेक्षा थांबणंच तिच्या वाट्याला जास्त येतं. म्हणून खान्देशातल्या होडीचा टिकाऊपणा पाण्यात बघायचा नाही, उन्हाळ्यात बघायचा.

साधी टणक कयाक पॉलिथिलीनची असते. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालतात, साचा भट्टीत सगळ्या बाजूंनी फिरवत ठेवतात आणि वितळलेली भुकटी आतून सगळीकडे सारखी बसत जाते. गच्चीवरची पाण्याची टाकी याच पद्धतीने घडते. अंगाला सांधा नसतो, त्यामुळे सांध्यातून गळण्याची भीती नसते. वाळूवरून ओढली तर ओरखडे पडतात, बिघडत काही नाही. जळगावच्या माणसाला प्लास्टिकची ओळख करून द्यायला नको. चटयांचे कारखाने त्याच्या शहरात आहेत, ठिबकच्या नळ्या त्याच्या शेतात आहेत. बांधावर उघडी पडलेली जुनी नळी वाकवली की कशी तडकते, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं. होडीचंही तसंच होतं. तेव्हा ऊन सोसणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये मिसळलं आहे का, हे आधी विचारावं. रंग नंतर निवडावा. घरी आणली की सावलीत, कुशीवर किंवा पालथी ठेवावी. दोन विटांवर टेकवून ठेवली तर मे महिन्यात नेमक्या त्याच जागी पोचा येतो.

हवा भरायची कयाक फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या सोयीची. घडी करून कपाटावर राहते. पण मेहरूणची बोरं प्रसिद्ध आहेत आणि बोरीला काटे असतात. तलावाकाठी बाभळीही असतात. सकाळच्या गारव्यात टम्म भरलेली होडी दुपारी काठावर उन्हात राहिली, तर आतली हवा प्रसरण पावते आणि जोडांवर ताण येतो. थोडी हवा सोडून ठेवणं, वाळवल्याशिवाय घडी न करणं, एवढं ज्यांच्याकडून न चुकता होतं त्यांनी ती खुशाल घ्यावी. माझा कौल टणक होडीला आहे. ती हेळसांड सोसते. आणि मुलं असलेल्या घरात थोडी हेळसांड व्हायचीच, ती व्हावीही.

उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यांवर इन्युइट लोकांनी वाहत आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून कयाक बनवली. ती ज्याची त्याच्या अंगाच्या मापाची असे. अरुंद, चपळ, आवाज न करणारी. शिकाऱ्याला तशीच हवी होती. कुटुंबाला कुठे वेळेवर पोहोचायचं नसतं. त्याने रुंद होडी घ्यावी, आत पाय घालून बसायची नव्हे, वर बसायची. तिच्या बैठकीत आरपार भोकं असतात, आलेलं पाणी त्यांतून आपोआप निघून जातं. उलटली तरी ती पाण्याने भरत नाही आणि पाण्यातून पुन्हा वर चढता येतं. दोघांची अशी कयाक साधारण ३० किलोंची असते. एकट्याला ती जड जाते. मला हे चांगलंच वाटतं. निवडताना घरातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला आधी बसवावं. त्याचा जीव जिच्यात शांत राहील, ती आपली होडी.

नकाणे, डेडरगाव, वाघूर हे धुळे आणि जळगाव शहरांच्या पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत. तिथे परवानगी विचारल्याशिवाय वल्हं बुडवू नये. हतनूरच्या ४१ दरवाजांतून पाणी सोडलं जातं त्या दिवसांत तर तापी काठावरूनच पाहावी.

होडीत वाचवलेले पैसे जीवरक्षक जॅकेटांवर खर्च करावेत. माणशी एक, पोहता येणाऱ्यालाही. मोठ्यांचं जॅकेट बरीच वर्षं पुरतं. मुलांचं वजन पाहून घ्यावं लागतं, आणि मुलं काही होडीसारखी जिन्याखाली थांबत नाहीत. पुढे पुरेल म्हणून वाढत्या अंगाचं घेतलं, तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. तेव्हा यंदाच्या वजनाचं यंदाच घ्यावं आणि दिवाळीआधीच्या एखाद्या कोरड्या रविवारी निघावं.