आठ कलांचा हिशेब

सदाशिव पेठेत आजही टिळक पंचांगाप्रमाणे सण पाळणारी घरे आहेत. काही वर्षी अधिक महिना वेगळा येतो आणि त्यांचा गणपती इतरांच्या महिनाभर आधी बसतो. या वेगळेपणाचे मूळ केरूनाना छत्रे यांच्या गणितात आहे. जुन्या करणग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात त्या जागी दिसत नाहीत, हे ओळखून त्यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली. श्रद्धेचा व्यवहार वेधाशी ताडून पाहिला पाहिजे, हा आग्रह पुण्याला नवा नाही.

म्हणूनच नगर रस्त्यावरच्या ज्ञान-दीप विद्यापीठात काय चालते याची पेठेत फारशी वार्ता नसावी, हे मला खटकते. जेझुइट या कॅथलिक संघाची ही धर्मशिक्षण संस्था १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. या संस्थेत ‘असोसिएशन ऑफ सायन्स, सोसायटी अँड रिलिजन’ या नावाने विज्ञान आणि धर्म यांवर एकत्र बसून विचार झाला, ग्रंथ निघाले. त्यातले एक प्रमुख नाव फादर जॉब कोझमथडम यांचे. केप्लरच्या नियमांचा शोध कसा लागला यावरचा त्यांचा ग्रंथ १९९४ चा.

केप्लरची निवड मला फार मोलाची वाटते. तो धर्मोपदेशक व्हायला निघालेला श्रद्धाळू माणूस. मंगळाची वर्तुळावर आधारलेली कक्षा टायको ब्राहेच्या वेधांशी जुळेना. फरक होता आठ कलांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा. त्या काळी तेवढी चूक कोणीही पोटात घातली असती. पण देवाने टायकोसारखा वेधकार दिला असताना त्या आठ कला दडवायच्या कशा, असे केप्लरला वाटले. त्याने वर्तुळ सोडले आणि १६०९ च्या ग्रंथात लंबवर्तुळ मांडले. त्याची श्रद्धा इथे चुकीला पांघरूण घालायला आली नाही. तिने चूक मान्य करायला लावली. पुढे लिंत्स गावी आपल्याच लुथरन पंथाच्या श्रद्धापत्रावर बिनशर्त सही करीना म्हणून त्याला प्रभुभोजन नाकारले गेले. वेधांपुढे जी सचोटी, तीच चर्चपुढे.

आपल्याकडे सुशिक्षित माणूस प्रयोगशाळा आणि देवघर यांची गाठच पडू देत नाही. दोन्ही आपापल्या जागी, असे म्हटले की कोणी काही विचारत नाही. श्रद्धावान वैज्ञानिकांची मंडळे ही पळवाट बंद करतात. शेजारी बसलेला त्याच श्रद्धेचा असतो. त्यामुळे तो नास्तिक म्हणून त्याचा प्रश्न झटकता येत नाही.

पण अशा मंडळाकडून माझी अपेक्षा कडक आहे. विश्वाची सुरुवात, उत्क्रांती या विषयांवर आता बरेच कॅथलिक विद्वान मोकळेपणाने बोलतात. अवघड जागा वेगळी आहे. संतपद देताना चमत्काराने बरा झाल्याचे सांगितले जाते त्या रुग्णाचे कागद व्हॅटिकन डॉक्टरांच्या मंडळापुढे ठेवते. आजच्या वैद्यकाला कारण सापडत नाही, एवढेच डॉक्टर सांगू शकतात. तिथून ‘हे देवाने केले’ इथवरची उडी कोणत्या आधारावर मारायची, हे ख्रिस्ती वैज्ञानिकांनीच आपल्या चर्चला विचारले पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले पाहिजे. बाहेरच्या बुद्धिवाद्याने विचारले तर तो हल्ला ठरतो. केप्लरवर ग्रंथ लिहिणाऱ्या पुण्यातून हा प्रश्न निघावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.