राजदंड आणि मांडीवरचे पंजे

"मागे पुस्तकांचं कपाट येऊ द्या, फोटोला वजन येतं," असं परवा एक छायाचित्रकार एका प्राध्यापकांना सांगत होता. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

ग्रंथ, झगा, दंड ही व्यक्तिचित्रांतली जुनी सामग्री सगळ्यांच्या परिचयाची आहे. मला त्यात एकच भेद महत्त्वाचा वाटतो: पदाची खूण वेगळी, कामाची वेगळी. फ्रेंच चित्रकार अँग्र याने १८१९ मध्ये पेन्सिलीने व्हायोलिनवादक पागानिनी रेखाटला, तो व्हायोलिन आणि गज घेतलेला. ती कामाची खूण. अँग्र स्वतःही व्हायोलिन वाजवायचा, त्यामुळे वाद्याशी माणसाचं नातं काय असतं ते त्याला आतून माहीत होतं. त्याच अँग्रने १८०६ मध्ये रंगवलेला नेपोलियन मात्र सिंहासनावर बसलेला: एका हातात राजदंड, दुसऱ्या हाताशी टोकाला हस्तिदंती हात असलेला न्यायदंड, मस्तकावर सोन्याची पानं. एवढ्या सामग्रीत चेहरा शोधावा लागतो.

माझे एक चित्रकार मित्र म्हणतात, खुणा लागतात त्या कच्च्या चित्रकाराला. पुरावा म्हणून ते अँग्रचाच १८३२ चा बेर्तँ दाखवतात. हा वृत्तपत्राचा मालक. ना ग्रंथ, ना लेखणी. काळा कोट, विस्कटलेले केस, आणि मांड्यांवर रोवलेले दोन पंजे, बोटं फाकलेली. चित्र थोर आहे, आणि मीही बरेच दिवस मित्राच्याच बाजूने होतो.

पण खूण तिथे गेलीच कुठे? मुकुट नसलेल्या नव्या मध्यमवर्गाने तीच सत्ता देहात मुरवली. बेर्तँचे पंजे हाच त्याचा राजदंड. फरक एवढाच, की राजदंड दिसतो, म्हणून तो दिलेला आहे हेही दिसतं. आणि दिलेलं काढूनही घेता येतं: १८१४ मध्ये नेपोलियनला गादी सोडावी लागली. विद्यापीठाचा झगाही मान उसना असल्याचं उघड सांगतो. बेर्तँची बैठक मात्र सांगते, हा अधिकार मला कोणी दिला नाही, तो माझ्या अंगचाच आहे. हा दावा मला जास्त धोक्याचा वाटतो.

या चित्राच्या एका आरंभीच्या रेखाटनात बेर्तँ जवळजवळ नेपोलियनच्या थाटात, टेबलाला टेकून उभा आहे. अँग्रने ती कल्पना सोडून दिली. कला म्हणून त्याचं बरोबर होतं, तरी मला ते टाकून दिलेलं रेखाटन अधिक प्रामाणिक वाटतं: त्यात माणसाने आधार घेतलेला दिसतो.