शीर्षप्रहेलिका आणि आपलं ‘पुरे’

आपल्या आगमांत काळ मोजायची एक शिडी आहे. ८४ लाख वर्षांचं एक पूर्वांग, ८४ लाख पूर्वांगांचं एक पूर्व. असं दर पायरीला ८४ लाखांनी गुणत अठ्ठाविसाव्या पायरीवर गेलं की येते शीर्षप्रहेलिका. अनुयोगद्वार सूत्रात ही मोजणी आहे. ही संख्या लिहायला १९४ अंक लागतात : आधी ५४ अंक आणि त्यांच्यामागे १४० शून्यं.

एवढी अवाढव्य संख्या, पण फोडायला बसलं तर आत २, ३, ५ आणि ७ एवढ्या चारच मूळ संख्या. २ हा १९६ वेळा, ५ हा १४० वेळा, ३ आणि ७ अठ्ठावीस-अठ्ठावीस वेळा. नवं काहीच नाही, तेच ते पुन्हा पुन्हा.

नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी काही संख्यांना ‘हर्षद’ असं गोड नाव दिलं. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पुरता भाग जातो, ती हर्षद. जसे १८ : एक आणि आठ नऊ, आणि नवाने अठराला भाग जातो. शीर्षप्रहेलिकेचे अंक मी वहीत मांडून बेरीज केली, २५२ आली. २५२ म्हणजे २×२×३×३×७. हे सगळे तिच्या पोटात आहेतच, म्हणून भाग जातो, बाकी शून्य. आपली शीर्षप्रहेलिकाही हर्षद निघाली!

आणि तरीही शास्त्रकार तिला ‘संख्यात’च म्हणतात. असंख्यात आणि अनंत तिच्या फार पलीकडे. इच्छा मात्र अनंताच्या खात्यातली.

म्हणून तर श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितलं. पण आमच्या सुरतेत, जिथे हिऱ्याच्या कॅरटचेही शंभर सेंट करून तोलतात, तिथे या व्रताचा आकडा मात्र मोघम आणि ऐसपैस असतो. आहे त्याच्या दहापट मर्यादा घालायची, म्हणजे व्रतही झालं आणि अडचणही नाही. कुणी म्हणेल, मर्यादा ती मर्यादाच ना? मग शीर्षप्रहेलिका रुपयांची मर्यादा घातली तरी चालेल!

उपासकदशांगातला आनंद श्रावक काही गरीब नव्हता. चार कोटी सोनं निधीत, चार कोटी व्याजी, चार कोटी घरवैभवात, दहा-दहा हजार गाईंचे चार कळप. पण त्याने मर्यादा घातली ती नेमकी आहे तेवढ्यावर. उद्या येणारं पहिलं नाणंसुद्धा त्याच्या व्रताने अडवलं.

मला वाटतं, व्रताचं मोल आकडा लहान की मोठा यात नाही, तो आपल्याला कधी अडवतो का यात आहे. बायांनो, तिजोरीचा आकडा कदाचित आपल्या हाती नसेल, कपाटाचा तर आहे? साड्या मोजा, आणि आहेत त्याच आकड्यावर ‘पुरे’ म्हणा. पुढची घेताना एक द्यावी लागेल, तेव्हा व्रत सुरू झालं समजा.