गुहेतील माणूस आमचा कोण?

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळीच्या तरुण संघाची सहल भीमबेटका येथे गेली होती. भोपाळच्या दक्षिणेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यातील विंध्याच्या टेकड्यांत हे ठिकाण आहे. सागाच्या जंगलात वालुकाश्माचे प्रचंड खडक उभे आहेत व त्यांच्या पोटाशी ऊनपावसापासून आसरा देणाऱ्या शेकडो कपारी आहेत. कितीतरी कपारींच्या भिंतींवर प्राचीन माणसांनी रंगविलेली चित्रे आजही दिसतात. तांबडा व पांढरा हे मुख्य रंग, क्वचित हिरवा आणि पिवळा. हरणे, रानगवे, रानडुकरे, धनुष्यबाण घेतलेले शिकारी, रांगेने नाचणारी माणसे, असे सारे जीवन तेथे आहे. जुन्या चित्रांवर पुढच्या पिढ्यांनी आपली चित्रे काढली आहेत. त्यामुळे एकाच खडकावर हजारो वर्षांचे हात एकमेकांवर पडलेले आहेत.

सहलीत बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. चित्रे पाहता पाहता त्याने विचारले, "काका, ह्या लोकांना पण देवानेच निर्माण केले का? मग पवित्र शास्त्रात त्यांच्याविषयी काहीच कसे नाही?" आम्ही त्याला होय म्हणून उत्तर दिले, परंतु प्रश्न मनातून गेला नाही. वाचकांपुढे आज तोच ठेवीत आहोत.

प्रथम एक अडचण दूर करू. आपल्यापैकी पुष्कळांना ह्या चित्रांच्या वयाची भीती वाटते. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेतले चित्र किमान ५१,२०० वर्षांचे असल्याचे २०२४ साली जाहीर झाले. एवढा मोठा आकडा ऐकला की शास्त्र खोटे ठरते की काय, असे एखाद्या साध्या विश्वासणाऱ्यास वाटते. पण ख्रिस्तापूर्वी ४००४ ह्या वर्षी जग निर्माण झाले, हा हिशेब आर्चबिशप अशर ह्यांनी १६५० साली मांडला. पुढे १७०१ पासून तो इंग्रजी बायबलाच्या समासात छापला जाऊ लागला. समासातला आकडा म्हणजे वचन नव्हे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाच्या निर्मितीचे वर्ष दिलेले नाही. मानव देवाच्या प्रतिरूपाचा आहे, एवढे मात्र निश्चित सांगितले आहे.

म्हणून खरा प्रश्न वर्षांचा नाही. ज्याला आपण सहज 'रानटी' म्हणतो, त्याच्यामध्ये हे प्रतिरूप आपण ओळखतो का, हा आहे. ह्या बाबतीत स्पेनमध्ये घडलेली एक हकीकत विचार करावयास लावणारी आहे.

उत्तर स्पेनमध्ये अल्तामिरा नावाची गुहा आहे. मार्सेलिनो सान्स दे साउतुओला नावाचे एक गृहस्थ १८७९ साली तेथे जमीन उकरून दगडी हत्यारे शोधीत होते. त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया बरोबर होती. वडिलांचे लक्ष खाली जमिनीकडे होते. मुलीने वर पाहिले आणि छतावर जनावरे असल्याचे सांगितले. ते तांबड्या व काळ्या रंगांतील गव्यासारखे मोठे पशू होते. खडकाला जेथे नैसर्गिक फुगवटा होता, तेथेच चित्रकाराने जनावराचे अंग बसविले होते, त्यामुळे ती जिवंत भासत. साउतुओलांनी १८८० साली पुस्तिका छापून ही चित्रे अतिप्राचीन माणसाची असल्याचे जाहीर केले.

विद्वानांनी ते मानले नाही. माणूस पायरी पायरीने सुधारत आला, तेव्हा अगदी खालच्या पायरीवरच्याला एवढी कला येणे शक्य नाही, असा त्यांचा समज होता. ही चित्रे अलीकडे कोणी चित्रकाराने काढली असावीत, असा संशय घेण्यात आला. साउतुओलांच्या प्रामाणिकपणाविषयी कुजबूज झाली. अमान्य करणाऱ्यांत एमिल कार्तायाक हे फ्रान्समधील नामांकित संशोधक होते. त्यांनी ती गुहा स्वतः पाहिलीही नव्हती. साउतुओला १८८८ साली वारले, तोपर्यंत त्यांच्यावरील डाग पुसला गेला नव्हता.

पुढे फ्रान्समध्येच अशा गुहा सापडू लागल्या. १८९५ साली ला मूत येथील गुहेचे तोंड प्राचीन मातीच्या थरांनी बुजलेले आढळले. त्या थरांच्या मागे असलेली चित्रे अलीकडे कोणी काढली असे म्हणणे अशक्य झाले. मग १९०२ साली कार्तायाकांनी एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहून आपली चूक उघड कबूल केली, आणि त्याच वर्षी तरुण धर्मगुरू आंरी ब्रय ह्यांना बरोबर घेऊन ते अल्तामिराला गेले. साउतुओलांना जाऊन चौदा वर्षे झाली होती.

आपल्या देशातही असेच झाले. अल्तामिराच्या शोधापूर्वी सुमारे बारा वर्षे, १८६७-६८ साली, कार्लाइल नावाच्या अधिकाऱ्याला मिर्झापूरकडील डोंगरांत खडकांवरची चित्रे दिसली. तेथेच बारीक दगडी हत्यारे व घासून झिजलेले गेरूचे तुकडे पडलेले पाहून, ही चित्रे त्या हत्यारे वापरणाऱ्यांचीच असावीत, असे त्यांनी ताडले. त्यांच्या टिपणांकडे कित्येक वर्षे कोणी लक्ष दिले नाही. भीमबेटकाची नोंद १८८८ साली झाली, ती बौद्ध स्थान म्हणून. पुढे १९५७ साली उज्जैनचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने जात असता त्यांना हे खडक दिसले, आणि ते स्वतः तेथे चढून गेले. तेव्हा तेथील चित्रांचे खरे मोल जगाला कळू लागले. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकाला जागतिक वारसा मानले.

नथनेलाची गोष्ट येथे आठवते. नासरेथसारख्या गावाकडून चांगल्याची अपेक्षा करावी, हे त्याला पटेना. फिलिप्पाने वाद घातला नाही. येऊन पाहा, एवढेच म्हटले. नथनेल उठून गेला, म्हणून त्याला प्रभूचे दर्शन झाले. कार्तायाक वीस वर्षांहून अधिक काळ उठले नाहीत. त्यांना ज्ञान कमी नव्हते. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांची योग्यता त्यांनी न पाहताच ठरवून टाकली होती.

आता आमची कबुली. भीमबेटका येथे आमच्याबरोबर जवळच्या खेड्यातला एक आदिवासी वाटाड्या होता. आमच्याच वयाचा, कमी बोलणारा. एका खडकापाशी थांबून त्याने सांगितले की त्याची आई घराच्या भिंतीवर सणाला अशीच जनावरे व अशीच नाचणारी माणसे काढीत असे. आम्ही कौतुकाने मान हलविली. दुपारी झाडाखाली सतरंज्या अंथरल्या. आम्ही त्या मुलाच्या प्रश्नाला धरून दहा मिनिटे उपदेश केला: सर्व मानव देवाच्या प्रतिरूपाचे आहेत, पौलाने अथेनैकरांनाही हेच समजावले की सर्व राष्ट्रांचे मूळ एक आहे व देव कोणापासूनही दूर नाही. मग प्रार्थना झाली व डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, केक, सगळे भरपूर होते. वाटाड्या पंचवीस पावलांवर एका दगडावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याला कोणी बोलावले नाही. आम्हीही नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये त्याच मुलाने विचारले, "काका, त्या दादांचे नाव काय होते?" आम्हास ते सांगता आले नाही. तीन तास तो आम्हाला वाट दाखवीत होता, आणि आम्ही त्याचे नाव विचारले नव्हते.

त्या रात्री आम्हास आमच्या आजोबांची आठवण झाली. लहानपणी त्यांना शाळेत वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसून शिकावे लागले होते. अशा मुलांना अक्षर काय येणार, असे मास्तर म्हणत. आजोबा पुढे मंडळीत वाचन करीत, तेव्हा त्यांचा एकही उच्चार चुकत नसे. ज्यांच्या घरात ही आठवण आहे, त्यांनी दुसऱ्याला दगडावर बसू द्यावे, हे कसे घडले? उत्तर सोपे आहे व लाजिरवाणे आहे. आपण एक पायरी वर चढलो की खालची पायरी आपल्याला दुसऱ्याची जागा वाटू लागते.

कोणी म्हणेल, गुहेतील त्या माणसांनी तारणाची सुवार्ता ऐकली नव्हती, त्यांचे काय? त्यांचा न्याय आमच्याकडे सोपविलेला नाही. सर्व पृथ्वीचा न्यायाधीश अन्याय करणार नाही, ह्या भरवशावर अब्राहाम सदोमासाठी रदबदली करू शकला. तोच भरवसा आम्हास पुरे आहे. पौलाने लुस्त्र येथे सांगितले की देवाने पाऊस व हंगाम देऊन मागील पिढ्यांतही आपली साक्ष ठेविली होती. विंध्याच्या त्या कपारींवरही तोच पाऊस पडत असे. त्यांचा न्याय कसा होईल ह्याची चर्चा करणे सोपे आहे. त्यात आपल्याला सतरंजीवरून उठावे लागत नाही.

त्या मुलाला आम्ही 'होय' म्हटले होते. ते उत्तर बरोबर होते. पण आमचे वागणे 'नाही' म्हणत होते, आणि मुले वागणे आधी वाचतात. म्हणून पुढच्या रविवारी संडे-स्कूलमध्ये आम्ही त्याच्यापुढे व इतर मुलांपुढे आपली चूक सांगितली. कार्तायाकांना क्षमा मागावयास साउतुओला उरले नव्हते. आमचा वाटाड्या जिवंत आहे. ह्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा तेथे जाणार आहोत, व प्रथम त्याचे नाव विचारणार आहोत.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीतही प्रीतिभोजन होते. त्या वेळी कोण दूर बसले आहे, मंडप घालणारा, सतरंज्या उचलणारा, खेड्यातून नव्याने आलेले कुटुंब, हे पानावर बसण्यापूर्वी एकदा वळून पाहावे. आणि कोणी दिसले तर त्याला निरोप न पाठविता स्वतः उठून जावे.